टोपावरचा रंग खरवडण्याआधी

कसबा पेठेतला एक वाडा पाडायला काढला, तेव्हा माळ्यावरच्या अडगळीतून एक लोखंडी टोप खाली आला. आमच्या शेजारच्या काकूंचं ते माहेर. त्यांचा नातू टोप वर्तमानपत्रात गुंडाळून माझ्याकडे घेऊन आला आणि म्हणाला, "काका, हा मूळ रूपात आणायचाय. किती दिवस लागतील?"

मी कागद सोडला. उलट्या परातीसारखा, रुंद काठाचा टोप. वरून दारं-खिडक्या रंगवतात तसला हिरवा ऑइलपेंट. एका ठिकाणी टवका उडालेला, त्याखाली काळा रंग आणि त्यावर पांढरा तिरका फराटा. आतलं अस्तर गेलेलं, एक रिबिट आणि कातड्याची चिंधी उरलेली. हनुवटीच्या पट्ट्याच्या जागी सुतळी. काठावर तीन बारीक, सफाईदार भोकं. माथ्यावर आणखी तीन, पण ती खिळ्याने ठोकून पाडलेली, कडा आत वळलेल्या. ही माथ्यावरची भोकं काकूंना पक्की आठवतात. त्यांच्या आईने टोप उलटा टांगून त्यात मोगरा लावला होता; पाणी साठू नये म्हणून भोकं पाडली होती.

आता यातलं मूळ रूप कुठलं?

गेल्या वर्ष-दोन वर्षांत असे प्रश्न वाढलेत, आणि ते साहजिक आहे. जुलै २०२४ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातली वाघनखं साताऱ्यात आली. जुलै २०२५ मध्ये मराठ्यांचे बारा किल्ले युनेस्कोच्या यादीत गेले. त्याच ऑगस्टमध्ये राज्य सरकारने लिलावात घेतलेली रघूजी भोसल्यांची तलवार मुंबईत पोचली. लोक माळे धुंडाळू लागले, जुन्या बाजारात लोखंड उलथंपालथं करू लागले. वस्तू हाती आली की पहिला विचार येतो तो घासायचा, रंगवायचा, चकचकीत करायचा. तिथेच थोडं थांबा, एवढ्यासाठी हा लेख.

आधी दोन शब्द

जतन म्हणजे वस्तू आज जशी आहे तशी टिकवणं. चालू झीज थांबवायची, बाकी तिला हात लावायचा नाही. जीर्णोद्धार म्हणजे वस्तू तिच्या आधीच्या एखाद्या रूपाकडे नेणं. त्यात नंतर चढलेलं काढणं आलं आणि हरवलेलं नव्याने करून बसवणंही आलं. लोक दोन्हीला सरसकट 'रिस्टोअर करणं' म्हणतात, आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो.

तांबट आळीत नेलेल्या पातेल्याला कल्हई करतात ती योग्यच, कारण पातेलं रोज वापरायचं असतं. कल्हई उडालेल्या पातेल्यात आमटी केली तर ती कळकते. पण लढाईच्या टोपाचं डोकं वाचवायचं काम संपलेलं असतं. त्याच्याकडे एकच काम उरतं, साक्ष द्यायचं. त्या अर्थाने तो पातेल्यापेक्षा मोडी कागदाच्या जास्त जवळचा. भारत इतिहास संशोधक मंडळात जुना मोडी कागद हाताळणारा माणूस कागदाची कसर काढील, फाटकी कड सांधील. पुसट झालेल्या अक्षरांवर तो बॉलपेनने गिरवणार नाही. अक्षर नीट लागलं नाही म्हणून अंदाजाने नवं तर मुळीच लिहिणार नाही.

टोपाच्या बाबतीत आपण नेमकं तेच करायला निघतो आणि त्याला 'मूळ रूपात आणणं' म्हणतो.

'मूळ' म्हणजे नेमकं कधीचं?

परातीच्या आकाराचा हा टोप ब्रिटिश घडणीचा. त्याची रचना जॉन ब्रॉडी याची, पेटंट १९१५ चं. खंदकात वरून कोसळणाऱ्या तुकड्यांपासून डोकं वाचावं म्हणून काठ रुंद. सैनिकांसाठीचा टोप हॅडफील्डच्या मँगनीज पोलादाचा असे. या पोलादाची एक गंमत आहे, त्याला लोहचुंबक चिकटत नाही. फ्रिजवरचं चुंबक काढून टोपाला लावून बघा. घरबसल्या करता येण्याजोगी इतकी सोपी परीक्षा दुसरी नाही. फक्त जाड गंजावर किंवा काठाच्या पट्टीवर न लावता मधल्या पत्र्यावर लावा.

आता या टोपाची पुढची गोष्ट. १९३० च्या दशकाच्या अखेरीस दुसरं युद्ध दिसू लागलं, तेव्हा ब्रिटनने पहिल्या युद्धातले साठवलेले टोप बाहेर काढले, जुनं अस्तर काढून नवं बसवलं, पट्टा बदलला आणि पुन्हा वाटले. असा एखादा टोप आज तुमच्या हाती आला तर त्याचा पत्रा १९१७ चा असेल आणि अस्तर १९३९ चं. संग्राहक म्हणेल, "अस्तर चुकीचं आहे, पहिल्या युद्धाचं शोधून बसवू." पण ते अस्तर चुकीचं नाही. युद्धाच्या तोंडावर एक देश घाईघाईने जुनं सामान कसं कामाला लावत होता, त्याचा तो पुरावा आहे. ते काढलं की एक खरी गोष्ट गेली आणि तिच्या जागी एक बनावट आली.

जर्मन टोपांचं असंच. दुसऱ्या युद्धाच्या आरंभी त्यांवर राष्ट्रीय रंगांची ढाल, म्हणजे ढालीच्या आकाराचं छोटं चित्र, चिकटवलेली असे. १९४० मध्ये ती काढायचे हुकूम निघाले. सैनिकांनी ती खरवडली, वरून रंग दिला. आजचा हौशी माणूस तो रंग काढून खालच्या ढालीचे अवशेष शोधतो आणि नवी ढाल चिकटवतो. म्हणजे १९४० मध्ये ज्या हातांनी हुकूम पाळला, त्या हातांची खूण तो पुसतो. युद्धानंतर तर जर्मनीत उरलेल्या टोपांची स्वयंपाकाची भांडी झाली, चाळण्या झाल्या. कोकणात भाताच्या पातेल्यालाही टोपच म्हणतात. हे ऐकल्यापासून त्या शब्दाचे दोन्ही अर्थ माझ्या मनात एकमेकांना चिकटून बसलेत. भोकं पाडून चाळणी केलेला टोप बिघडलेला टोप नव्हे. हरलेल्या, उपाशी देशातल्या एका स्वयंपाकघराची ती आठवण आहे.

आपल्याकडचं उदाहरण त्याहून जुनं आहे. बिकानेरच्या शस्त्रागारातल्या कितीतरी दख्खनी शस्त्रांवर ठिपक्या-ठिपक्यांनी कोरलेली अक्षरं आहेत. १६८९ मध्ये आदोनीचा किल्ला मोगलांच्या हाती पडला, तेव्हा त्या फौजेत असलेल्या महाराजा अनुपसिंहांकडे ही लूट गेली आणि तशी नोंद शस्त्रांवरच केली गेली. सुबक दख्खनी कामावरचे ते ठिपके नवख्याला ओरखडे वाटतील. पण ती वस्तू १६८९ च्या आधीची आहे हे आज आपण खात्रीने म्हणू शकतो, ते त्या ठिपक्यांच्या जोरावर. ओरखडे समजून कुणी ते घासून काढले असते तर?

आणि ज्या तलवारीमुळे हे सगळं वातावरण तयार झालं ती रघूजींची तलवार स्वतःच बदललेली वस्तू आहे. तिचं पातं युरोपातलं, मूठ इथली, आणि त्यावर देवनागरीत रघूजींचं नाव. अशा तलवारीला फिरंग म्हणतात ते त्या परदेशी पात्यामुळेच. पात्याला युरोपीय मूठ लावून तिला 'मूळ' करावं असं कुणाच्या डोक्यातही येणार नाही. मग टोपाला वेगळा न्याय का?

बदल कुणी केला, कधी, कशासाठी

माझ्या मते निर्णय या तीन प्रश्नांवर होतो; बाकी सगळं तंत्र आहे.

वस्तू वापरात असताना वापरणाऱ्यांनी केलेला बदल हा वस्तूचाच भाग. नवं अस्तर, छलावरणाचा (कॅमुफ्लाजचा) दुसरा रंग, मातीत लपावा म्हणून रंगात मिसळलेली वाळू, आत खरडलेलं नाव, गोळीचा पोचा. यांना हात लावू नये. इथे मी 'सहसा'सुद्धा म्हणणार नाही.

लष्करी काम संपल्यावर लोकांनी केलेला बदल ही खरी अडचणीची जागा. मोगऱ्याची कुंडी, नाटकासाठी फासलेला चंदेरी रंग, कोळशाची शेगडी. यात सरसकट नियम नाही. मी एवढंच पाहतो की त्या बदलाला सांगण्यासारखी गोष्ट आहे का आणि ती सांगणारं माणूस अजून आहे का. काकू आहेत. त्यांच्या आईच्या मोगऱ्याची आठवण त्यांच्यापाशी आहे. नाटकाच्या सामानातल्या टोपावरचा चंदेरी रंग कुणी, कधी लावला हे कुणालाच सांगता येत नसेल आणि त्याखाली रंग फुगून गंज धरत असेल, तर तो काढायला माझी हरकत नसते.

तिसरा बदल विकणाऱ्याने केलेला. त्याबद्दल पुढे बोलू.

१९६४ मध्ये व्हेनिसमध्ये जमलेल्या तज्ज्ञांनी वास्तूंच्या जतनासाठी एक सनद केली. तिची दोन सूत्रं टोपालाही लागू पडतात: जिथे अंदाज सुरू होतो तिथे जीर्णोद्धार थांबला पाहिजे, आणि वस्तूवर ज्या ज्या काळाने खरी भर घातली तिचा मान राखला पाहिजे, सगळं एका काळाचं दिसावं हा हेतू नव्हे. पुण्यात वाडे पाहिलेल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. पेशवाईतल्या सागवानी खांबाला १९३० च्या सुमाराला विजेची चिनी मातीची बटणं ठोकलेली असतात. ती काढली की खांबात राहतात नुसती भोकं. पेशवाई काही परत येत नाही.

"मग काय गंज तसाच ठेवायचा?"

नाही. ही शंका सगळ्यात आधी येते आणि ती रास्त आहे. गंज थांबवणं हे जतनाचं पहिलं काम. पण थांबवणं वेगळं आणि पत्रा पांढरा होईस्तोवर घासणं वेगळं.

लोखंड, पाणी आणि हवेतला प्राणवायू एकत्र आले की गंज होतो. त्यात मीठ मिळालं की त्याचा वेग वाढतो. मिठाला समुद्रच लागतो असं नाही, आपल्या हाताच्या घामातही ते असतं. म्हणूनच टोप आतून, अस्तराच्या रिबिटांजवळ, जास्त खाल्लेला दिसतो. तिथे कुणाचा तरी घाम जिरलेला असतो. गंज लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो. तो रंगाखाली फुगतो आणि रंगाचे पापुद्रे उचलतो.

सगळा गंज सारखा नसतो. गडद, घट्ट, बोटाला न लागणारा काळपट थर हा पुष्कळसा स्थिरावलेला असतो. आजीच्या बिडाच्या तव्याचा काळा थर आठवा. नव्या सुनेने तो तारेच्या चोथ्याने घासला की घरात काय होतं तेही आठवा. तव्यावरचा थर तेलाचा आणि टोपावरचा लोखंडाच्या ऑक्साइडचा, पण दोन्हींच्या बाबतीत शहाणपण एकच: काळं दिसतं म्हणून मळ समजू नये. याउलट नारिंगी, भुरभुरीत, बोटाला पूड लागणारा गंज हा चालू रोग. पावसाळ्यात त्यावर नारिंगी पाण्याचे टाचणीच्या डोक्याएवढे थेंब दिसले तर आत क्षार मुरलेत असं समजा आणि जाणकाराकडे जा.

भुरभुरीत गंज काढायचा तो तेवढ्यापुरता, तेवढ्याच जागी. मऊ ब्रश, बांबूची काडी, हातात भिंग. चिंच, लिंबू, व्हिनेगर, तांब्या-पितळेची पावडर यांतलं काहीही नको. आम्ल गंज खातं, मग लोखंड खातं, वाटेत जुना रंगही खातं. उरलेलं बारीक छिद्रांत बसून राहतं आणि काही दिवसांत तिथेच नवा गंज धरतो. हिरडा आणि हिराकस यांची काळी शाई आपल्याकडे करत असत. हिरड्यातलं टॅनिन लोखंडाच्या क्षाराशी मिळून काळं होतं. तेच टॅनिन गंजावर लावलं तर निळसर काळा, टिकाऊ थर तयार होतो. जतन करणारे ही पद्धत वापरतात. मात्र तिने वस्तूचा रंग कायमचा पालटतो, म्हणून जिथे जुना रंग शिल्लक आहे तिथे ती घरी करून पाहू नका.

आणखी एक गोष्ट, जपून सांगतो. खंडेनवमीला घरातली शस्त्रं लिंबाने, राखेने, विटेच्या भुकटीने घासून पुजायची आपली रीत आहे. पूजा करावी, जरूर करावी. पण जुन्या टोपावर किंवा तलवारीवर कोफ्तगिरी असते. त्यात पोलादावर बारीक आडव्या-उभ्या रेघा कोरून त्यांवर सोन्याची तार ठोकून बसवलेली असते. ते सोनं कागदाहून पातळ. दर दसऱ्याला घासलं तर चार पिढ्यांत नक्षी गेली म्हणून समजा. हळद-कुंकू शस्त्राखालच्या पाटावर वाहिलं तरी देवीला ते पोचतं, असं मी मनापासून मानतो.

घासल्यावर काय जातं, ते मी गमावून शिकलो

बऱ्याच वर्षांपूर्वी मी जुन्या बाजारातून याच आकाराचा एक टोप घेतला होता. तेव्हा मला यातलं काही कळत नव्हतं. एका वर्कशॉपमध्ये तो दिला, त्यांनी वाळूचा मारा करून पांढराशुभ्र केला, वर पावडर कोटिंग केलं. मला फार आवडला. काही महिन्यांनी देण्याआधी काढलेले फोटो चाळत होतो. एका फोटोत टोपाची आतली बाजू दिसत होती आणि माथ्याच्या खोबणीत देवनागरीत रंगवलेली अक्षरं होती. पहिलं अक्षर 'शिं' आहे एवढं वाचता येतं. पुढचं उजेडाच्या डागात गेलंय. शिंदे असेल, शिंगाडे असेल, शिंगोटे असेल. कुणीतरी मराठी शिपायाने आपला टोप दुसऱ्याच्यात मिसळू नये म्हणून स्वतःच्या हाताने नाव घातलं होतं, ते मी पैसे देऊन पुसून घेतलं. वर्कशॉपची काही चूक नाही. त्यांनी सांगितलं तेच केलं.

तेव्हापासून मी कुठल्याही वस्तूवरचा थर काढायच्या आधी विचारतो, हा कुणाचा आहे? आज न केलेला जीर्णोद्धार दहा वर्षांनी, अधिक चांगल्या साधनांनी करता येतो. केलेला परत घेता येत नाही.

थर काढायचाच झाला तर जाणकार आधी न दिसणाऱ्या जागी नखाएवढी खिडकी उघडतात. एकेक थर कापसाच्या बोळ्याने, भिंगाखाली काढतात आणि खाली काय निघतंय ते पाहून थांबायचं की पुढे जायचं ते ठरवतात. २०२२ मध्ये वणीच्या सप्तशृंगी देवीच्या मूर्तीवरचा शेंदराचा जुना लेप काढला आणि खालचं रूप दिसलं, तेव्हा सगळ्या महाराष्ट्राने ते पाहिलं. लेप काढणं नेहमीच चूक असतं असं नाही. पण ते काम ठरवून, तज्ज्ञांना सोबत घेऊन, टप्प्याटप्प्याने करायचं असतं. ग्राइंडर लावून एका दुपारी उरकायचं ते काम नव्हे.

"विकणाऱ्याने केलेली बनवाबनवीही जपायची का?"

बाजारात येणाऱ्या टोपांत ही भेसळ खूप. साध्या टोपावर नकली चिन्ह, आम्ल ओतून एका रात्रीत आणलेला 'पुरातन' गंज, सोनेरी रंगाने काढलेली खोटी कोफ्तगिरी. खरा गंज कधी एकसारखा नसतो. जिथे हात लागत होता, जिथे पाणी साचत होतं तिथे तो वेगळा असतो. सगळीकडे सारखा तांबूस झालेला टोप दिसला की मला शंका येते.

अशी भर खोटं बोलते, म्हणून ती काढायला तत्त्वतः माझा विरोध नाही. अट दोनच गोष्टींची: काढण्याआधी फोटो आणि नोंद, आणि काढताना खालच्या खऱ्या थराला इजा होता कामा नये. इजा होणार असेल तर खोटं चिन्ह तसंच राहू द्या आणि चिठ्ठीत लिहा की हे खोटं आहे. आणि 'खोटं' ठरवण्याची घाई नको. १९ व्या शतकात इराणमध्ये कजार राजवटीत शिंगांचे, राक्षसाच्या चेहऱ्याचे टोप मिरवायला आणि सजावटीला बनत. ते कधी लढाईवर गेले नाहीत. तरी आज ते त्या काळाच्या हौसेचा खरा नमुना आहेत. त्यांची शिंगं कापून त्यांना 'लढाऊ' करायचं काही कारण नाही.

"पण आमच्या पणजोबांचा टोप चांगला दिसायला नको?"

हवा. या इच्छेला मी कधी नाक मुरडत नाही, कारण तिच्या मागे प्रेम असतं. त्यासाठी वाट वेगळी आहे. हुबेहूब नवी प्रतिकृती करून घ्या, ती रंगवा, तिला पट्टा लावा, मुलांना डोक्यावर घालू द्या. जुना शेजारी काचेत ठेवा. अस्तर नसलेला टोप कोसळल्यासारखा दिसतो, म्हणून आत बसणारा मऊ, वेगळा काढता येणारा आधार करता येतो. टोपाला न चिकटवता, भोक न पाडता त्याला आकार मिळतो.

घरातली गोष्टही एकदा तारखांशी ताडून पाहा. "पणजोबा फ्रान्सच्या खंदकात हाच टोप घालून लढले" असं मी पुण्यात अनेकदा ऐकतो. भारतीय पलटणी सप्टेंबर १९१४ मध्ये मार्सेयला उतरल्या. पायदळाचा मोठा भाग १९१५ च्या अखेरीस फ्रान्सहून हलला. ब्रॉडीचे टोप सरसकट वाटले गेले ते १९१६ मध्ये. म्हणजे पणजोबा पायदळात असतील तर फ्रान्समध्ये त्यांच्या डोक्यावर पोलादी टोप असणं कठीण. घोडदळ मात्र तिथे १९१८ पर्यंत होतं. मराठा पलटणींचा पहिल्या युद्धातला मोठा पराक्रम मेसोपोटेमियातला. दुसऱ्या युद्धात, इटलीत यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला त्या काळात, पोलादी टोप सर्रास वापरात होता. शीख सैनिक मात्र तेव्हाही पगडीतच लढले. तारखा जुळल्या नाहीत म्हणून पणजोबा लहान होत नाहीत. टोप कदाचित त्यांच्या मुलाचा असेल. तोही घरचाच.

किंमत आणि कायदा

किमतीबद्दल थोडक्यात. जाणत्या संग्राहकाला जुना रंग, जुनं अस्तर, खरी झीज हवी असते. नव्याने रंगवलेल्या टोपाला तो हात लावत नाही. पॉलिश करून भाव वाढेल ही समजूत उलटी आहे.

कायद्याचं म्हणाल तर पुरावस्तू आणि कलाखजिना कायदा १९७२ चा, अमलात आला १९७६ मध्ये. शंभर वर्षांहून जुनी, ऐतिहासिक महत्त्वाची वस्तू ही पुरावस्तू, आणि खासगी माणसाला ती देशाबाहेर पाठवता येत नाही. पहिल्या महायुद्धातले टोप आता शंभरी ओलांडून गेलेत. परदेशातला गिऱ्हाईक चांगला भाव देतोय म्हणून पार्सल करायला निघाला असाल तर थांबा.

पुण्याच्या पावसाळ्यात

जुलै-ऑगस्टमध्ये पुण्याची हवा भिजलेली असते. लोखंडाला निम्म्याहून कमी आर्द्रता मानवते. बाहेरच्या भिंतीला लागून असलेलं कपाट नको, न्हाणीघराशेजारची खोली नको. प्लास्टिकच्या पिशवीत बांधलं की आत दव धरतं. बिनआम्लाच्या कागदात सैल गुंडाळून, झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा आणि पुड्या बदलत राहा. उचलताना हातमोजे घाला. खोबरेल लावू नका, ते खवटतं आणि धूळ धरतं. उघड्या धातूवर मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा पातळ हात पुरतो. हे मेण नंतर काढता येतं, हा त्याचा मोठा गुण. जुनं कातडं तेल पाजून मऊ करायला जाऊ नका. लाल भुकटी सुटत असेल तर ते वाकवूही नका.

एक धोका मात्र गांभीर्याने घ्या. पहिल्या महायुद्धातल्या ब्रॉडी टोपांच्या अस्तरात ॲस्बेस्टॉस आढळलेलं आहे. ब्रिटनमध्ये शाळांना तसा इशारा दिला गेला होता. जुन्या रंगांत शिसंही असू शकतं. अस्तर कुरतडू नका, झटकू नका, टोप मुलांच्या डोक्यावर चढवू नका, आणि रंगाला सँडपेपर लावू नका.

काकूंच्या टोपाचं काय झालं

चुंबक लावला, तो चटकन चिकटला. म्हणजे साधं पोलाद. काठावरची तीन सफाईदार भोकंही तेच सांगत होती. दुसऱ्या महायुद्धात जे टोप आघाडीच्या कसोटीला उतरत नसत त्यांच्या काठाला कारखान्यातच अशी भोकं पाडत आणि ते नागरी संरक्षणाकडे जात. नातू ती भोकं वेल्डिंगने बुजवायला निघाला होता. तेवढी बुजवली असती तर टोपाची ओळखच पुसली गेली असती. मग काकूंना आठवलं, त्यांचे एक चुलते युद्धाच्या दिवसांत गिरगावात राहायचे आणि ब्लॅकआउटच्या रात्री एआरपीच्या, म्हणजे हवाई हल्ल्यापासून बचावाच्या, कामाला जायचे.

हिरवा रंग आम्ही काढला नाही. सुटे पापुद्रे जागच्या जागी चिकटवले, आतला भुरभुरीत गंज काडीने काढला, उघड्या पत्र्याला मेण लावलं. सुतळी सोडवून पाकिटात ठेवली, त्यावर तारीख घातली. काकू बोलल्या ते नातवाने फोनवर ध्वनिमुद्रित केलं.

पण त्याला खालचं अक्षर बघायचंच होतं. खोलीतले दिवे घालवले आणि टॉर्च टोपाला जवळजवळ टेकवून, अगदी आडवा धरला. समोरून पडणाऱ्या उजेडात सगळं सपाट दिसतं. आडव्या उजेडात कागदाएवढा उंचवटाही सावली टाकतो. हिरव्या रंगाखालून पांढऱ्या रंगाच्या जाड कडा वर आल्या. आधी तो उघडा पडलेला तिरका फराटा, मग त्याचा जोडीदार, मग आणखी दोन. डब्ल्यू, वॉर्डनचा. नातवाने ओरडून सगळ्यांना बोलावलं.

काकू आल्या, पाहिलं, टॉर्च हातात घेऊन माथ्याकडे वळवला. खिळ्याच्या तीन भोकांतून उजेडाचे तीन ठिपके मागच्या भिंतीवर पडले. "आई हातोडी घेऊन बसली होती ओसरीवर," त्या म्हणाल्या, "आणि काका म्हणत होते, हळू ठोक, माझा टोप आहे तो."